गाडी मेली नाही, वीज कुठेतरी अडलीय!

सकाळचे सव्वानऊ. पावणेदहाला प्रॅक्टिकल. तुम्ही पार्किंगमध्ये येता, चावी फिरवता आणि... काहीच नाही. ना न्यूट्रलचा हिरवा दिवा, ना हॉर्न, ना इंडिकेटर. सेल्फ दाबला तर साधं ‘टक’सुद्धा नाही. काल रात्री तर व्यवस्थित होती!

मग आपण काय करतो? चावी पाच वेळा चालू-बंद करतो. गाडी हलवून टाकीत पेट्रोल आहे का बघतो. (पेट्रोलचा आणि हॉर्नचा काय संबंध, हे त्या वेळी कुणालाच सुचत नाही.) तेवढ्यात शेजारचा येतो आणि न बघताच निकाल देतो, ‘बॅटरी गेली रे तुझी.’ दुसरा म्हणतो, ‘धक्का मार.’ तिसरा मोबाइल काढून व्हिडिओ शोधायला लागतो. शेवटी गाडी ढकलत गॅरेज आणि प्रॅक्टिकलला लेट मार्क.

मला आज त्या ‘बॅटरी गेली रे’बद्दल बोलायचंय. कारण हे वाक्य आपल्याला फार महागात पडतं, आणि फक्त पैशातच नाही.

सोळाशे रुपयांचा अंदाज

मी सेकंड इयरला असताना जुनी बाईक घेतली. निम्मे पैसे घरचे, निम्मे ‘कमवा आणि शिका’मधून साठवलेले. दीड महिन्यातच एक दिवस ती अशीच ठप्प झाली. गॅरेजवाल्याने चावी फिरवली, सेल्फ दाबला आणि म्हणाला, ‘बॅटरी टाकावी लागंल.’ सोळाशे रुपये. मी मेसवाल्या काकूंना ‘पुढच्या महिन्यात देतो’ म्हणून सांगितलं आणि नवी बॅटरी टाकली. गाडी फटक्यात सुरू! मी खूश.

तीन आठवड्यांनी आम्ही चौघं गगनबावड्याला निघालो. ऑगस्टचा पाऊस, म्हणजे तुम्हाला माहितीच आहे. साळवणच्या पुढे चहाला थांबलो, परत येऊन चावी फिरवली आणि पुन्हा तोच अंधार. नवी कोरी बॅटरी, तरी गाडी मेलेली. माझा चेहरा बघून टपरीवरचे एक काका उठले. कधीकाळी ट्रॅक्टरवर काम केलेले असावेत. त्यांनी आधी काही उघडलंच नाही, फक्त विचारलं, ‘पोरांनो, वायर हलवून बघितली काय रं?’

सीट काढली. बॅटरीच्या मायनसमधून निघणारी काळी वायर ज्या ठिकाणी चासीला बोल्टने आवळलेली असते, तिथे त्यांनी बोट लावलं. बोल्टभोवती गंज आणि चिखल. त्यांनी तो सैल केला, पॉलिश पेपर नव्हता म्हणून चाकूच्या पात्याने वायरचं टोक आणि चासीचा पत्रा चकचकीत होईपर्यंत खरवडला, परत आवळला. चावी फिरवली, हिरवा दिवा लागला. एकूण वेळ दहा मिनिटं. पैसे विचारले तर म्हणाले, ‘चहा पाजा की.’

मग लक्षात आलं. जुनी बॅटरी बहुतेक खराब नव्हतीच. बॅटरी बदलताना ती वायर हलली, गंजलेला जोड तात्पुरता चिकटला आणि आम्हाला वाटलं रोग बरा झाला. सोळाशे रुपये देऊन मी वायर हलवून घेतली होती! गॅरेजवाल्याने फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याने अंदाज केला. पण अंदाज त्याचा होता आणि पैसे माझे होते.

सगळं बंद की थोडं बंद?

त्या काकांनी मला दुरुस्ती शिकवली नाही, एक सवय शिकवली. काय बदलायचं हे विचारण्याआधी वीज कुठपर्यंत पोहोचली हे विचारायचं.

बाईकच्या विजेचा रस्ता आपण समजतो तितका किचकट नाही. बॅटरीच्या प्लसमधून वीज निघते, मेन फ्यूजमधून जाते, तिथून चावीच्या स्विचमध्ये. चावी चालू केली की पुढे फांद्या फुटतात: एक दिव्यांकडे, एक हॉर्न-इंडिकेटरकडे, एक इंजिनाच्या इग्निशनकडे. काम करून वीज परत येते ती चासीच्या लोखंडातून, त्या काळ्या वायरमार्गे बॅटरीच्या मायनसला. सेल्फच्या मोटरला मात्र वेगळी जाड वायर असते. ती रिलेमार्फत थेट बॅटरीवरून येते, कारण मोटर खूप करंट ओढते.

आता डोकं चालवा. हॉर्न, दिवे, इंडिकेटर, सेल्फ सगळंच एकदम बंद असेल, तर सगळे एकाच दिवशी खराब झालेत का? शक्यच नाही. बिघाड त्या सगळ्यांच्या सामायिक रस्त्यावर असणार. म्हणजे संशयित उरले पाचच: बॅटरी, तिची दोन टर्मिनल्स, चासीची अर्थिंग, मेन फ्यूज आणि चावीचा स्विच. वस्तीतल्या सगळ्या घरांची लाइट गेली तर आपण आपल्या घरातला बल्ब बदलतो का? तसंच हे.

उलट, दिवे लख्ख आहेत, हॉर्न जोरात वाजतोय आणि फक्त सेल्फ बंद आहे, तर मेन फ्यूज आणि चावीवर संशय घेण्यात अर्थ नाही. तेव्हा आधी उजव्या हाताचा लाल किल स्विच बघा. पार्किंगमध्ये कुणीतरी गंमत म्हणून दाबून गेलेला असतो आणि आपण गाडी गॅरेजपर्यंत ढकलतो. हसू नका, हे दर कॉलेजात होतं. मग गिअर न्यूट्रल आहे का, साइड स्टँड वर आहे का, क्लच दाबलाय का ते बघा. बऱ्याच गाड्यांत यातलं एक जरी चुकलं तरी सेल्फ लागत नाही.

तिसरा प्रकार मधला. चावी फिरवली की दिवे मिणमिणतात आणि सेल्फ दाबला की ‘टक टक टक’ होऊन तेही विझतात. इथे वीज आहे, पण जोर नाही. बॅटरी उतरलीय किंवा एखादा जोड सैल आहे. दोन मिनिटांत, एकही स्क्रू न काढता तुम्ही निम्मा शोध संपवला.

वाट धरून चला

आता सीट किंवा साइड पॅनेल काढा. चावी बंद ठेवा. हातात कडं, अंगठी असेल तर काढून ठेवा, कारण बॅटरीच्या दोन टोकांमध्ये धातू आला तर ठिणगी उडते आणि हात भाजतो.

पहिलं काम फुकट आहे. दोन्ही टर्मिनल्स बोटांनी हलवून बघा. हलली तर आवळा. त्यावर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर वायर काढून साफ करा. काढताना आधी मायनस, लावताना आधी प्लस, एवढं लक्षात ठेवा. भुकटीला हात लावू नका. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, पुसून कोरडं करा, मग लावा.

दुसरं, मेन फ्यूज. बहुतेक गाड्यांत तो बॅटरीच्या किंवा सेल्फच्या रिलेच्या जवळपास असतो आणि डबीत एक जादाचा फ्यूजही असतो. आतली तार तुटलेली किंवा काळी दिसली तर तेवढ्याच अ‍ॅम्पिअरचा नवा घाला. आणि इथे हात जोडून सांगतो, फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा चॉकलेटची चांदी लावू नका. फ्यूज हा गाडीत मुद्दाम ठेवलेला सगळ्यात कमकुवत दुवा आहे. त्याने जळायचं, म्हणजे वायरिंग जळणार नाही. तुम्ही तार लावली की पुढचा नंबर वायरिंगचा, आणि वायरिंगच्या वर पेट्रोलची टाकी असते.

नवा फ्यूजही लगेच उडाला तर तिसरा घालू नका. कुठेतरी वायर घासून चासीला टेकलीय. बघायच्या जागा ठरलेल्या आहेत: हँडल वळतं तिथली गळ्याची वायर, सीटखालचे कोपरे, आणि आपण बाहेरून बसवून घेतलेली हौस. म्हणजे फोकस लाइट, मोठा हॉर्न, मोबाइल चार्जर. मूळ वायर सोलून त्यावर चिकटपट्टी गुंडाळलेला जोड दिसला की बहुतेक चोर सापडला समजा. हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये उंदीरही हे काम आवडीने करतात.

तिसरं, मीटर. साधा डिजिटल मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो, म्हणजे एका पार्टीच्या वर्गणीत. डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि बॅटरीच्या दोन टोकांना लावा. भरलेली, विश्रांती घेतलेली बॅटरी साधारण १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२ च्या आसपास असेल तर ती बरीच उतरलीय. मग सेल्फ दाबून बघा. आकडा १० च्याही खाली कोसळला तर बॅटरीत दम नाही. गाडी सुरू झाली तर थोडा रेस देऊन परत मोजा. साधारण १३.५ ते १४.५ दिसायला हवं. रेस देऊनही १२ च्या आसपासच अडकलं असेल, तर बॅटरी चार्जच होत नाहीये, आणि नवी बॅटरी टाकलीत तरी तीही उतरणार आहे. हे एक मोजमाप लोकांनी केलं असतं तर कितीतरी चांगल्या बॅटऱ्या भंगारात गेल्या नसत्या.

बॅटरी ठीक आहे, तरी अंधार? मग मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसला धरून ठेवा, चावी चालू करा आणि लाल पिन घेऊन विजेच्या वाटेने चालत जा. बॅटरीचा प्लस: १२. फ्यूजच्या अलीकडे: १२. पलीकडे: १२. चावीच्या स्विचला येणारी वायर: १२. जाणारी: शून्य! बिघाड सापडला. जिथे १२ संपले, तिथेच दोष. अर्थिंग तपासायची तर उलटं करा. लाल पिन बॅटरीच्या प्लसला, काळी चासीच्या उघड्या धातूला. तिथेही १२ च यायला हवेत.

ओहम नावाचे मास्तर

मीटर कधीकधी फसवतो, हेही सांगायला हवं. माझ्या गंजलेल्या बोल्टवर मीटर लावला असता तर कदाचित १२ दाखवले असते. का? कारण मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. पण सेल्फची मोटर घेते. समजा तिने ५० अ‍ॅम्पिअर मागितले आणि त्या गंजात फक्त ०.१ ओहम रोध आहे. ५० गुणिले ०.१, म्हणजे ५ व्होल्ट त्या गंजातच खर्च! मोटरला उरले ७. ती काय फिरणार? म्हणून मिस्त्री लोक मीटरसोबत इंडिकेटरच्या बल्बला दोन वायरी जोडून टेस्टर ठेवतात. बल्ब थोडा करंट मागतो, त्यामुळे पार सडलेला जोड उघडा पडतो.

हे गणित कुठलं आहे? जर्मनीत शिकवणाऱ्या जॉर्ज ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलेला नियम. आपण तो शाळेत पाठ केला, त्यावर मार्क मिळवले, बारावीला पुन्हा लिहिला, इंजिनीअरिंगला पुन्हा. आणि रोज ज्या गाडीवरून ते पेपर द्यायला गेलो, तिच्या सीटखाली तोच नियम गंजत पडला होता, हे आपल्याला कुणी सांगितलं नाही. आपणही विचारलं नाही. माझा खरा राग या गोष्टीवर आहे. प्रयोगशाळेत आपण ‘रीडिंग’ सीनिअरच्या जर्नलमधून उतरवतो आणि पार्किंगमध्ये ‘बॅटरी गेली रे’ म्हणतो. दोन्हीकडे दुखणं एकच आहे. आपण मोजत नाही, अंदाज उचलतो.

पूर्वी किक होती

‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं, एक किक मारली की गाडी सुरू’, असं बाबा किंवा काका म्हणतात आणि ते खोटं नाही. जुन्या बऱ्याच गाड्यांत ठिणगीसाठी लागणारी वीज इंजिन फिरलं की मॅग्नेटमधूनच तयार व्हायची. बॅटरी मेलेली असली तरी किकवर काम भागायचं.

पण १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू असेपर्यंत चालूच राहतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. म्हणजे पेट्रोलचा पंपही विजेवर, ते किती सोडायचं हे ठरवणारा कॉम्प्युटरही विजेवर. कित्येक गाड्यांची किकच गेली. अशा गाडीची बॅटरी पूर्ण मेली असेल तर धक्का मारून दम लागेल, गाडी लागेलच असं नाही. गाडी जितकी स्मार्ट झाली तितकी ती १२ व्होल्टच्या त्या छोट्या डब्यावर अवलंबून झाली. मग आपण आणखी अडाणी राहून कसं चालेल?

‘ताई, तुम्ही बाजूला व्हा’

मुलींनो, हा परिच्छेद खास तुमच्यासाठी. माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीची स्कूटर रात्री साडेआठला लायब्ररीबाहेर बंद पडली. पाच मुलं जमली. ‘ताई, तुम्ही बाजूला व्हा’ म्हणत पाचही जणांनी सेल्फ मारमारून उरलीसुरली बॅटरीही उतरवली. कुणालाच काही कळत नव्हतं, पण बाजूला व्हायला फक्त तिला सांगितलं गेलं. दुसऱ्या दिवशी निघालं काय? सैल टर्मिनल. डिकीतल्या पान्याने तिने स्वतः आवळलं असतं तर दहा मिनिटांत हॉस्टेलवर पोहोचली असती. रात्रीच्या रस्त्यावर दहा मिनिटं आणि दोन तास यांतला फरक काय असतो, हे मुलींना समजावून सांगायला नको. आता तिच्याकडे मीटर आहे. आणि मुलं तिला बोलावतात!

मिस्त्रीच्या पोटावर पाय?

‘पण प्रत्येकाने मेकॅनिक व्हायचं का? ज्याचं काम त्याला करू दे की.’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि तो बरोबर आहे. चावीचा स्विच आतून जळला, चार्जिंगची कॉइल गेली, वायरिंगमध्ये शॉर्ट आहे, इंजेक्शनचा दिवा लागून राहिलाय, ही कामं जाणत्या माणसाचीच. गाडी वॉरंटीत असेल तर वायरिंगला हात लावूच नका. इलेक्ट्रिक स्कूटरचा मोठा बॅटरी पॅक तर कधीही उघडायचा नाही, तो खेळ वेगळा आणि जिवाशी आहे.

पण डॉक्टरकडे जाताना ‘काहीतरी होतंय’ म्हणणं आणि ‘दोन दिवसांपासून रात्री ताप चढतो’ म्हणणं यात फरक आहे ना? ‘दादा, गाडी बंद पडलीय’ आणि ‘दादा, बॅटरी १२.६ आहे, फ्यूज ठीक आहे, चावीच्या पुढे वीज येत नाहीये’ यातही तेवढाच फरक आहे. चांगल्या मिस्त्रीला असं गिऱ्हाईक आवडतं, त्याचा वेळ वाचतो. आणि नुसत्या अंदाजावर पार्ट बदलणाऱ्याला ते आवडत नाही. मिस्त्री पारखायची याहून सोपी परीक्षा नाही.

माझं कॉलेजांनाही एक सांगणं आहे. गॅदरिंगमध्ये बाईक रॅली काढता, फॅशन शो घेता. वर्षातून एक शनिवार पार्किंगमध्ये चार बंद गाड्या उभ्या करा, गावातल्या एखाद्या जुन्या मिस्त्रीला मानाने बोलवा, मानधन द्या आणि आर्ट्स-कॉमर्स-सायन्स सगळ्यांच्या हातात मीटर द्या. खर्च एका बॅनरएवढा. पोरं जे शिकतील ते फक्त गाडीपुरतं राहणार नाही. प्रोजेक्टचा कोड चालत नाही, घरात वाद झालाय, मार्क कमी पडलेत, तिथेही आपण पहिल्या फटक्यात कुणाला तरी ‘तूच खराब’ ठरवून मोकळे होतो. त्याआधी कुठपर्यंत सगळं ठीक होतं आणि नेमकं कुठे तुटलं, एवढं शोधायची सवय लागली तरी खूप झालं.

तर पुढच्या वेळी चावी फिरवल्यावर अंधार दिसला की घाबरू नका आणि ‘बॅटरी गेली रे’ म्हणणाऱ्याला हसून थांबवा. सीट काढा, टर्मिनल हलवा, फ्यूज बघा. जमलं तर प्रॅक्टिकल गाठाल. नाहीच जमलं, तरी गॅरेजमध्ये मान वर करून बोलाल.

आणि गगनबावड्याच्या वाटेवर साळवणच्या पुढे टपरीवर कुणी काका उठून तुमच्या गाडीजवळ आले, तर त्यांना आमच्याकडूनही एक चहा पाजा.

सीटखाली एवढं असू द्या
• टर्मिनलला बसणारा पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर (घरीच लावून खात्री करा)
• तुमच्या गाडीच्या अ‍ॅम्पिअरचे दोन जादा फ्यूज
• पॉलिश पेपरचा तुकडा आणि थोडी चिकटपट्टी
• दोन वायरी जोडलेला १२ व्होल्टचा छोटा बल्ब
• सुट्टीत गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरीची मायनस वायर काढून ठेवा. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की कायमची खराब होते